युद्धछायाचित्रकार व्हायचंय? आधी वही घ्या

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक चूक आधी सांगतो. तोफांचा मारा थांबून तासभर झाला होता. एका पडलेल्या घरासमोर एक माणूस निपचित पडलेल्या लहान मुलीला छातीशी धरून बसला होता. मी पंधराएक फ्रेम घेतल्या, गाडीत बसलो आणि फोटो पाठवून दिला. कॅप्शनमध्ये लिहिलं, ‘मृत मुलीसह तिचे वडील’. तो माणूस शेजारी होता. वडील ढिगाऱ्याखाली होते, आणि त्या घटकेला जिवंत होते. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती गेली, पण तोवर ती चुकीची ओळ घेऊन फोटो बराच फिरला होता. मुलीचं नाव तर मी विचारलंच नव्हतं. ते मला आजही माहीत नाही.

म्हणून ‘कुठला कॅमेरा घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी वहीपासून सुरुवात करतो. खिशात मावेल एवढी वही आणि पेन्सिल. पेनाची शाई पावसात फुटते. फोटो काढून झाला की समोरच्या माणसाला, त्याची तयारी असेल तर, स्वतःच्या हाताने नाव लिहायला सांगतो. दुभाषा ते मोठ्याने वाचतो, तो माणूस मान डोलावतो. खाली मी वेळ, जागा, नातं आणि ‘हे कुणी पाहिलं, कुणी नुसतं ऐकलं’ एवढं टिपतो. मग त्या पानाचाही फोटो घेतो, म्हणजे मेमरी कार्डवर चेहऱ्याच्या पाठोपाठ नाव येतं. रात्री दमलेल्या डोळ्यांनी चारशे फ्रेम चाळताना त्या एका पानाची किंमत कळते. नाव उघड झाल्याने कुणाच्या जिवाला धोका असेल, तर ते वहीतही पूर्ण लिहीत नाही. आणि कुणी हाताने ‘नको’ म्हटलं, की कॅमेरा खाली.

नव्या मुलामुलींच्या डोक्यात युद्धाचा फोटो म्हणजे गोळीबाराचा फोटो असतो. ब्रिटिश छायाचित्रकार रॉजर फेंटन १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर गेला, तेव्हा काचेवर ओलं रसायन चढवून ती काच कॅमेऱ्यात काही सेकंद प्रकाशासमोर उघडी ठेवावी लागायची. धावता सैनिक टिपणं शक्यच नव्हतं. त्याचं सर्वांत गाजलेलं चित्र म्हणजे एक रिकामी दरी आणि तिच्यात विखुरलेले तोफगोळे. आज शटर सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उघडमीट करतं, तरी माझ्या मते टिकणारे फोटो लढाईच्या कडेलाच मिळतात: रुग्णालयाच्या दारात, सीमेवरच्या रांगेत, परत आलेल्या माणसाच्या उंबऱ्यावर. भारतीय छायाचित्रकार दानिश सिद्दीकी यांचंच पाहा. इराकमधल्या मोसुलची लढाई त्यांनी टिपली होती. पण ज्या कामांसाठी त्यांना सहकाऱ्यांसह पुलित्झर हा पत्रकारितेचा पुरस्कार मिळाला, ती होती रोहिंग्या निर्वासितांची (२०१८) आणि भारतातल्या कोविडची (२०२२, मरणोत्तर). १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाक इथे ते मारले गेले.

त्यांच्या वाटचालीतून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ते आधी टीव्हीवर बातमीदार होते आणि २०१० मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेत इंटर्न म्हणून शिरले. थेट रणांगणातून सुरुवात करू नका, हे मी अगदी कळवळून सांगतो. आधी निदान तीन-चार वर्षं पूर, निवडणुका, मोर्चे, अपघात करा. गर्दी बिथरण्याआधी तिचा आवाज बदलतो, तो तिथेच ओळखता यायला लागतो. डेडलाइनच्या दहा मिनिटं आधी फोटो निवडण्याची सवयही तिथेच लागते. वृत्तसंस्थेत नोकरी लागली तर पगार, विमा आणि मागे उभं राहणारं डेस्क मिळतं. फ्रीलान्सरला यातलं काही आपोआप मिळत नाही. ‘जा, फोटो आले की बघू’ असं म्हणणाऱ्या संपादकाच्या भरवशावर सीमा ओलांडू नका. असाइनमेंटचं पत्र, विमा आणि जखमी झालात तर बाहेर कोण काढणार, ही तीन उत्तरं लेखी हवीत. नुसत्या युद्धावर पोट भरणारे फार थोडे. बाकीचे मधल्या काळात दुसरी कामं करतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

तुमच्याइतकीच, कधी जास्त, जोखीम घेतो तो फिक्सर, म्हणजे तुमचा स्थानिक मदतनीस. स्थानिक भाषा, रस्ते, कुठल्या चेकपोस्टवर कोण उभा आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. तुम्ही परत जाता, तो तिथेच राहतो. तो ‘आज नको’ म्हणाला तर नको. त्याच्यासाठीही हेल्मेट आणि जॅकेट न्या आणि श्रेय देताना त्याला विचारा. काहींना नाव हवं असतं, काहींना ते महागात पडतं.

आता प्रथमोपचार. इथे मी लांबण लावणार आहे. २० एप्रिल २०११ रोजी लिबियातल्या मिस्राता शहरात तोफगोळ्याच्या माऱ्यात टिम हेदरिंग्टन आणि ख्रिस होंड्रोस हे दोघेही छायाचित्रकार गेले. हेदरिंग्टन यांच्या मांडीतून रक्तस्राव होत होता आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत फार उशीर झाला होता. सोबतच्यांना रक्त थोपवण्याचं प्रशिक्षण असतं तर कदाचित वेळ मिळाला असता, ही गोष्ट त्यांचे मित्र सेबॅस्टियन युंगर यांच्या मनातून जाईना. त्यातून फ्रीलान्स पत्रकारांना मोफत प्रथमोपचार शिकवणारी ‘रिस्क’ ही संस्था उभी राहिली.

मांडीची मोठी धमनी फाटली तर हातात मिनिटं असतात. टूर्निकेट, म्हणजे दांडी पिळून आवळायचा रक्त थोपवणारा पट्टा, जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांध्यावर कधीच नाही. जखम नेमकी कुठे ते दिसत नसेल तर जितकं वर जाईल तितकं वर. रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची. समोरचा वेदनेने ओरडतो, तरी सैल करायचं नाही. मग लावल्याची वेळ लिहायची. हे वाचून येत नाही. माझ्या प्रशिक्षणात दिवे घालवून, हातावर साबणाचं पाणी ओतून, एका हाताने स्वतःच्याच पायावर लावायला सांगितलं होतं. पहिल्यांदा मला इतका वेळ लागला की प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, ‘तू गेलास.’ टूर्निकेट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. दोन्ही हात पोहोचतील अशा जागी ठेवा आणि ते कुठे आहे हे सोबत्याला सांगा.

साधनांचं थोडक्यात. दोन कॅमेरे, एकावर जवळच्या फोटोंसाठी ३५ मिमी किंवा २४-७० ची लेन्स आणि दुसऱ्यावर लांबच्यासाठी ७०-२०० ची. धुळीत लेन्स बदलत बसायला लागू नये म्हणून दोन. फ्लॅश, फोकसचा मदत-दिवा, बीप, मागच्या पडद्यावर आपोआप उमटणारं चित्र आणि जीपीएस हे सगळं बंद. साधं हेल्मेट उडते तुकडे अडवतं, रायफलच्या गोळीची खात्री देत नाही; छातीसाठी कडक प्लेट वेगळी लागते.

कायद्याने तुम्ही नागरिक आहात. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधलं ७९ वं कलम पत्रकाराला नागरिकाचं संरक्षण देतं, जोवर तो लढाईत भाग घेत नाही. त्यामुळे सैनिकासारखे कपडे नकोत आणि ‘जरा बंदूक धरून बघ’ म्हटलं तर गमतीनेही नको.

फोटोला हात लावण्याबद्दल. २००३ मध्ये इराकमधल्या दोन फ्रेम जोडून एक चित्र केल्याबद्दल लॉस एंजेलिस टाइम्सने ब्रायन वॉल्स्की यांना कामावरून काढलं. फेंटनच्या त्या दरीचेही दोन फोटो आहेत, एकात रस्त्यावर तोफगोळे आहेत, दुसऱ्यात नाहीत. ते कुणी हलवले याचा वाद अजून चालतो. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली प्रक्रिया न केलेली फाइल, कायम जपा. पडलेलं खेळणंसुद्धा उचलून सरळ ठेवू नका.

मनाबद्दल आमच्यात उशिरा बोललं जातं. मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांच्या २००२ च्या अभ्यासात युद्ध पत्रकारांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त जणांना आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आजार, झालेला आढळला. मला स्वतःला दार आपटलं की जमिनीवर बसावंसं वाटायचं. सहा महिने मी ते ‘झोप कमी आहे’ म्हणून ढकललं. डॉक्टरांकडे मी उशिरा गेलो. तुम्ही लवकर जा.

निघण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. अपहरण झालंच, तर पलीकडचे लोक खरंच तुम्हालाच धरून आहेत आणि तुम्ही जिवंत आहात हे पटवण्यासाठी काही प्रश्न त्यात असतात, ज्यांची उत्तरं फक्त तुम्हाला आणि घरच्यांना माहीत. हा फॉर्म एकट्याने भरू नका. माझा प्रश्न आईने निवडला. मग वहीत उत्तर लिहायला लावलं, स्वतः वाचलं आणि ते पान फाडून स्वतःकडे ठेवून घेतलं.