नेट बदलायचंय? मग जुनं कनेक्शन कापायची घाई करू नका

गेल्या वर्षी २० तारखेला रात्री नऊ वाजता माझं नेट गेलं. २० तारीख म्हणजे काय ते ज्यांना माहितीये त्यांना कळलं असेल, दर महिन्याला जीएसटीची ३बी रिटर्न भरणाऱ्यांचा शेवटचा दिवस, आणि मी घरूनच चार-पाच दुकानदारांचं जीएसटी बघते. त्यात पोर्टल स्लो आहे की आपलं नेट स्लो आहे हे कळण्यातच अर्धा तास जातो. केबलवाल्याला फोन लावला तर म्हणे, "ताई, राउटर बंद करून चालू करा ना." पाच वर्षं हेच ऐकतेय. शेवटी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रिटर्न भरली आणि त्याच रात्री ठरवलं, बास, बदलायचं. बदललं पण, फक्त मधे दोन ठिकाणी आपटले म्हणून हे लिहितेय.

पहिली गोष्ट, कंपनीला शिव्या घालायच्या आधी मोजा. आणि वायफायवर मोजू नका, लॅपटॉपला राउटरमधून लॅनची वायर लावा आणि स्पीडटेस्ट नाहीतर फास्ट डॉट कॉम उघडा. दुपारी एकदा, रात्री साडेनऊला एकदा, असं तीन-चार दिवस, आकडे कागदावर लिहून ठेवा. माझा प्लॅन १०० एमबीपीएसचा, बेडरूममधे वायफायवर २२ यायचे आणि मी केबलवाल्याच्या नावाने खडे फोडायची, वायर लावली तर दुपारी ९४! म्हणजे तिथे चूक आमचीच, राउटर टीव्हीच्या मागे कोंबलेला आणि फोन वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या स्लो बँडवर अडकलेला, ५ वर टाकला आणि राउटर पॅसेजमधे आणला की निम्मी बोंब तिथेच संपली. पण रात्री वायरवरही ११ दिसले. हे मात्र आपल्या हातात नाही, पाठीमागे लाईन भरली की असं होतं, आणि असं दिसलं तरच कंपनी बदलण्यात अर्थ आहे. नाहीतर नव्या कंपनीचा राउटर परत टीव्हीच्याच मागे ठेवाल आणि परत तेच.

अजून एक, एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि एमबी (मेगाबाइट) यात आठ पटीचा फरक आहे. १०० च्या लाईनवर डाउनलोड सेकंदाला साडेबारा एमबीच होणार, त्यावरून कोणाशी भांडू नका. (आमच्याकडे भांडून झालंय.)

आता कुठली कंपनी. मोबाईलसारखं इथे पोर्ट वगैरे काही नसतं, नवीन कनेक्शन घ्यायचं आणि जुनं बंद करायचं एवढंच. आणि जाहिरात बघून तर अजिबात ठरवू नका, कारण जिओ घ्या एअरटेल घ्या बीएसएनएल घ्या नाहीतर गल्लीतला कोणी घ्या, शेवटचा तुकडा तुमच्या बिल्डिंगमधे कोणी ओढलाय आणि बिघाड झाला तर कोण येतं यावर सगळं आहे. एकच कंपनी आमच्या गल्लीत झकास आणि पुढच्या गल्लीत बोंबाबोंब असं मी बघितलंय. आपल्याच विंगमधल्या दोघा-तिघांना विचारा, रात्री नऊनंतर कसं चालतं आणि मागच्या पावसाळ्यात किती वेळा गेलं. वॉचमनला पण विचारा, कुठल्या कंपनीचा माणूस सारखा शिडी घेऊन येतो हे त्याला बरोबर माहीत असतं.

फायबर घरापर्यंत येतंय का हे मात्र नक्की विचारा. माझ्या जुन्या कनेक्शनमधे गच्चीवर एक स्विच आणि तिथून निळी लॅनची वायर खाली, त्यामुळे जिन्यातली लाईट गेली की माझा इन्व्हर्टर चालू असूनही नेट बंद. घरापर्यंत फायबर असलं तर बिल्डिंगमधल्या स्प्लिटरला (एक फायबर घराघरात वाटणारा भाग) लाईटच लागत नाही, आपल्या घरातला फायबर जोडलेला डबा चालू राहिला की बहुतेक वेळा काम भागतं. त्या डब्यासाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, फक्त ऑर्डर करायच्या आधी अडॅप्टरवर १२ व्होल्टच लिहिलंय ना ते बघा. हवेतून येणारं एअरफायबर मी तरी फायबर पोचतच नसेल तिथेच घेईन.

प्लॅनचा भाव सांगताना १८ टक्के जीएसटी बऱ्याचदा गाळतात, ४९९ म्हणजे हातात बिल ५८८.८२ चं. अनलिमिटेड म्हणतात त्यालाही लिमिट असते, बऱ्याच ठिकाणी महिन्याला ३३०० जीबी, पण ते दिवसाला ११० जीबी झाले, घरच्या वापराला उडवायचे म्हटले तरी उडत नाहीत. फोरके पिक्चरला २५ एमबीपीएस धरले तरी चार माणसांच्या घराला १०० पुरतात. अपलोड किती ते विचारा, व्हिडिओ कॉलमधे आपण फ्रीज होतो ते बरेचदा अपलोडमुळे. १०० च्या वर घेणार असाल तर राउटरचे वायर लावायचे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आहेत का बघा, नाहीतर वायरवर ९५ च्या पुढे काटा सरकणार नाही. आणि सहा महिने भरा पंधरा दिवस फ्री या नादाला लागू नका, पहिला महिना एकच भरा. मी इथेच आपटले, जुन्याचे वर्षाचे पैसे भरलेले, चार महिने शिल्लक, परत एक रुपया नाही.

बसवायला माणूस येतो त्या दिवशी घरी थांबा, सेक्रेटरीला आधी सांगून ठेवा. भोक पाडताना बाहेरच्या बाजूला उतार द्यायला सांगा आणि वायर आत घ्यायच्या आधी बाहेर थोडी खाली लोंबती ठेवायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून आत न येता तिथूनच टपकतं. फायबर काचेची असते, कपाटामागे काटकोनात दाबली की सिग्नल पडतो. बसवणाऱ्याकडे फायबरमधला सिग्नल मोजायचं छोटं पॉवर मीटर असतं, त्यातला आकडा दाखवा म्हणायचं. आमच्याकडे उणे १९ होता, तो मुलगाच म्हणाला "एकदम मस्त आहे मॅडम." उणे २७ च्या आसपास असेल तर त्याला जाऊ देऊ नका, जोड परत मारायला लावा. डब्यावर लॉसचा (LOS, म्हणजे सिग्नलच येत नाही) लाल दिवा लागला की समजायचं फायबर बहुतेक तुटलीये नाहीतर निसटलीये, मग राउटर कितीही वेळा बंद-चालू करा.

आता मुख्य मुद्दा. दोन्ही कनेक्शन दहा-पंधरा दिवस एकत्र चालवा. म्हणजे जुन्याची मुदत संपायच्या वीसेक दिवस आधीच नवीन बुक करा. त्यात एखादा शनिवार रात्र, एखादा मुसळधार पाऊस, एकदा लाईट जाणं हे सगळं येऊन जाऊ दे, आणि तोच कागद काढून परत आकडे लिहा. माझे रात्री साडेनऊला ९३ आले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पटलं की जुना राउटर बंद करा आणि नव्याला जुनंच वायफायचं नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. टीव्ही, प्रिंटर, सासूबाईंचा टॅब, सगळं बहुतेक आपोआप जोडलं जातं, घरभर पासवर्ड सांगत फिरावं लागत नाही. घराबाहेरून बघायचा सीसीटीव्ही असेल तर तेवढा वेगळा तपासा.

बंद करताना फोनवर सांगून सोडू नका, मेल करा, डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या आणि यूपीआयचं ऑटोपे स्वतः जाऊन काढा. राउटर परत देताना सिरीयल नंबरचा फोटो आणि पावती. मी पावती न घेता पोराच्या हातात दिला, मग तीन महिने "मॅडम राउटर जमा नाहीये" आणि हजाराचं डिपॉझिट अडकलं. ऐकत नसतील तर त्याच डॉकेट नंबरवर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, नाहीतर ग्राहक हेल्पलाईन १९१५. मी १९१५ ला लावते एवढं म्हटल्यावरच पैसे आले.

निळी वायर मात्र अजून खिडकीतून लोंबतेय, "उद्या येतो ताई" म्हणून गेलाय तो जुना केबलवाला.