दोघांचं विमान तिकीट: आधी एकट्याचं भाडं बघा

गोव्याहून मुंबईला दोघं निघालात आणि स्वस्त भाड्याची एकच सीट उरली असेल, तर दोन प्रवासी टाकल्यावर बहुतेक वेळा दोघांनाही वरचं भाडं लागतं. स्वस्त सीट दिसतच नाही.

१. आधी प्रवासी १ टाकून भाडं बघा, मग २ टाकून.

२. माणशी भाडं सारखंच असेल तर सरळ एकत्र बुक करा.

३. फरक असेल तर एक तिकीट स्वस्तातलं, दुसरं वेगळं. समजा एकट्याला ४,२०० आणि दोघांना माणशी ५,१०० दाखवतं, तर ९०० रुपये वाचतात. चौघांचं कुटुंब असेल तर २-२ करूनही बघा.

दुसरं तिकीट लगेच काढा, मध्ये चहाला उठू नका. भाडं तेवढ्यात चढतं. आणि शोधताना नुसतं ‘गोवा’ टाकलंत तर दाबोळी आणि मोपा दोन्हीकडची विमानं येतात. एक वास्कोजवळ, दुसरं पेडण्यात! त्यामुळे दोन्ही तिकिटांवर विमानतळ आणि फ्लाइट नंबर जुळवूनच पैसे भरा.

एक मात्र लक्षात ठेवा: पीएनआर वेगळे झाले की विमान कंपनीच्या लेखी तुम्ही दोन वेगळे प्रवासी. विमान रद्द झालं तर एकाला सकाळचं, दुसऱ्याला रात्रीचं मिळू शकतं. शेजारची सीटही आपणच बघायची. सोबत लहान मूल किंवा म्हातारे आई-वडील असतील तर मी चार पैसे जास्त देऊन एकत्रच काढते.