'दहा दिवस टिकणारं' नेलपेंट खरंच टिकतं का, घरीच बघा

बाटलीवर दहा दिवस लिहिलेलं असतं, पण कुणाच्या हातावर दहा दिवस? आपल्या जळगाव-धुळ्याकडे सकाळी भांडी, मग कळण्याची भाकरी थापा, संध्याकाळी भरताची भाजलेली वांगी सोला, त्यामुळे टेस्ट आपल्याच हातावर झालेली बरी.

सगळ्या नखांना नवीनच लावलं तर काहीच कळत नाही, तुलनेला रोजचं नेलपेंट पाहिजेच. एका हाताला नवीन नि दुसऱ्याला जुनं असंही नको, कारण उजव्या हाताची वाट आधीच लागते (डावखुऱ्यांनी उलटं समजा). मी सांगते कसं, उजव्या हाताला अंगठा, मधलं बोट, करंगळी नवीन, उरलेली दोन जुनं, आणि डाव्या हाताला बरोबर याच्या उलट. रंग जवळपासचा घ्या, म्हणजे लग्नाकार्यात कुणी विचारणार नाही. नवीनसोबत त्याचा टॉप कोट येत असेल तर तो फक्त त्यालाच लावायचा, आणि बेस कोट नको असं बाटलीवर लिहिलं असेल तर ते ऐका.

लावायच्या आधी कोरड्या नखावरून रिमूव्हरचा बोळा फिरवा, शेंगदाणा तेलाचा हात असतो आपला, त्यावर काहीच धरत नाही. भांडी घासून आल्या आल्या तर अजिबात लावू नका, नख पाणी पिऊन फुगलेलं असतं, वाळलं की आकसतं आणि वरचा थर सुटतो. कोट पातळच द्या आणि ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवा, टवका पहिला तिथूनच उडतो. भुसावळच्या मे महिन्यात दुपारी पंख्याखाली बसून लावाल तर वरचा थर पटकन सुकतो, आतला ओलाच राहतो, मग बुडबुडे येतात नाहीतर झोपून उठल्यावर नखावर चादरीची वीण छापलेली दिसते! सकाळी लवकर लावा, आणि गॅस-चुलीपासून लांब, नेलपेंट पेट घेतं.

मग नेहमीची कामं करायची, हात जपायचे नाहीत. रोज एकाच खिडकीशी फोटो काढा आणि कुठल्या बोटाचं काय झालं ते मोबाईलमध्ये लिहा. नुसतं 'गेलं' लिहू नका. टोकाला रंग झिजला तर ती रोजची घासाघीस, तेवढं चालतं. टवका उडाला तर पकड कमी. मुळापासून अख्खा पापुद्रा निघाला तर बहुतेक खाली तेल किंवा ओल राहिली होती, त्याचा दोष बाटलीला देऊ नका. बारीक भेगा पडल्या तर कोट जाड झाला असेल. चमक गेली तर टॉप कोट कच्चा. फिक्या रंगावर हळद चढते, तो डाग आहे, झीज नाही, वेगळा लिहा.

उन्हाळ्यात उडदाच्या पापडांचा दिवस मध्ये आला तर उत्तमच, पीठ नखाच्या कडेला चिकटतं आणि आपण ते खरवडून काढतो, त्यात टिकलं तर पैसे वसूल. कापूस वेचायला जात असाल तर बोंडाची टोकं काय करतात तेही बघा.

नवीन आणि जुनं एकाच वेळी सुटलं तर महागडी बाटली परत घेऊ नका. काढताना मात्र रिमूव्हरनेच काढा, सुटलेला थर सोलत बसलात तर नखाचाही पापुद्रा सोबत येतो.