लहान नर्सिंग होममधल्या सवलती कशा शोधाव्यात आणि कशा मोडाव्यात

इंदुरात दहा ते तीस खाटांची नर्सिंग होम पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही मराठी डॉक्टर कुटुंबे पिढ्यानपिढ्या चालवीत आली आहेत. अशा ठिकाणी गुणवत्तेवर लक्ष ठेवणारा वेगळा विभाग नसतो. मालक डॉक्टर, एक जुन्या सिस्टर आणि ओटीचे (शस्त्रक्रियागृहाचे) तंत्रज्ञ यांच्या सवयी हेच तेथले नियम. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे. सवलत म्हणजे येथे नियमातली एखादी पायरी गाळून घेतलेली सूट. नोव्हेंबर २०१५ मध्ये मध्य प्रदेशातल्याच बडवानीत मोतीबिंदूच्या शिबिरानंतर चाळीसहून अधिक रुग्णांची दृष्टी गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये खुद्द इंदुरात अशाच शस्त्रक्रियांनंतर अकरा रुग्णांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग झाला. त्या प्रकरणांत दोष कोणाचा, हा येथे विषय नाही. आपल्या ओटीत तसे काही घडण्याआधी काय पाहता येते, एवढेच मांडायचे आहे.

सवलत एकदा घेतली आणि काही बिघडले नाही, की पुढची सवलत नियमाशी ताडून पाहिली जात नाही, ती कालच्या सवलतीशी ताडली जाते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी चॅलेंजर अंतराळयानाच्या अपघाताचा अभ्यास करताना नेमके हेच दाखवले. रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी झिजल्याचे आधीच्या उड्डाणांत दिसले होते, पण यान सुखरूप परतत गेले, म्हणून ती झीज चालण्याजोगी ठरत गेली. २८ जानेवारी १९८६ रोजी तीच कडी निकामी होऊन सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. आपल्याकडे वॉर्डात हाच हिशेब ‘अब तक तो कुछ हुआ नहीं’ या शब्दांत ऐकू येतो.

शोधाची सुरुवात औषधांच्या फ्रिजपासून करावी. लस आणि न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे, हे सर्वांना पाठ असते. दारावरच्या तक्त्यात महिनाभर सकाळ-संध्याकाळ ४ अंश लिहिलेले असतील, सगळ्या नोंदी एकाच पेनाने आणि एकाच झोकात केलेल्या असतील, आणि जूनच्या ज्या वादळी रात्री वीज गेली होती त्या रात्रीही ४ अंशच असतील, तर तो तक्ता एकदम भरला गेला आहे. सिस्टरांवर रागावण्याआधी फ्रिज उघडून थर्मामीटर कोठे आहे ते पाहावे. बहुधा तो मागच्या बाजूला कुप्यांच्या आड दडलेला असतो आणि तो वाचायला अर्धा फ्रिज रिकामा करावा लागतो. बर्फाच्या कप्प्याला टेकलेल्या कुप्याही तेव्हाच दिसतील. धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी यांच्या लसी गोठल्या की निकामी होतात, तरी वरून त्या ठीकच वाटू शकतात.

दुसरा मार्ग नव्या माणसाचा. नव्याने रुजू झालेल्या सिस्टरना किंवा वॉर्डबॉयला पहिल्या पंधरा दिवसांत येथली जी गोष्ट शिकल्यापेक्षा निराळी वाटली ती लिहून द्यायला सांगावे. महिना उलटला की त्यांनाही ती दिसेनाशी होते. जुन्या कर्मचाऱ्यांना ‘तुम्ही काय चुकता?’ असे विचारल्यास उत्तर मिळत नाही. ‘घाई असते तेव्हा कोणती पायरी गाळावी लागते?’ असे विचारले तर मिळते.

सापडलेल्या सवलतीमागे बहुतेक वेळा आळस नसतो, न बसणारे गणित असते. दाबाखालच्या वाफेने हत्यारे निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचेच घ्या. समजा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या हत्यारांचे तीन संच आहेत आणि एका रुग्णाला वीस मिनिटे लागतात. नऊला सुरू झालेली पहिली शस्त्रक्रिया नऊ वीसला संपते आणि तोच संच चौथ्या रुग्णासाठी दहाला हवा असतो. म्हणजे हाती चाळीस मिनिटे. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये कापडात बांधलेल्या सामानाला १२१ अंशांवर साधारण ३० मिनिटे द्यावी लागतात; तापायचा, वाफ सोडण्याचा, वाळण्याचा आणि निवण्याचा वेळ धरला की फेरी सव्वा ते दीड तासाची होते, आणि त्याआधी हत्यारे घासून धुवायची असतात ते वेगळेच. चाळीस मिनिटांत हे बसत नाही, म्हणून तंत्रज्ञ काहीतरी कापतो, आणि बहुधा सर्वात आधी वाळवण्याचा वेळ कापला जातो. मग ओला गठ्ठा टेबलावर येतो. ओल्या कापडातून जंतू आत झिरपू शकतात, त्यामुळे आतली हत्यारे निर्जंतुक मानता येत नाहीत. वरच्या टेपवरच्या रेघा काळ्या झालेल्या असतात आणि सर्वांचे समाधान होते. परंतु ती टेप गठ्ठा वाफेतून गेला एवढेच सांगते. आतपर्यंत वाफ पोहोचली का, हे गठ्ठ्याच्या मध्यभागी ठेवलेली रासायनिक पट्टी आणि आठवड्यातून एकदा केलेली बीजाणू चाचणी (चिवट जंतूंचे बीजाणू वाफेत मेले का, हे पाहणारी) सांगते.

येथे तंत्रज्ञाला मेमो देऊन काही साधत नाही. सकाळी जितके संच तयार तितकेच रुग्ण घ्यावेत, नाहीतर संच वाढवावेत. हा निर्णय मालकाचा आहे आणि पैशाचा आहे, म्हणूनच तो टाळला जातो.

सुयांचे तसेच. या शहरात घरोघरी कचरा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत दिला जातो. तीच माणसे नर्सिंग होममध्ये सुईला पुन्हा टोपण लावून ती प्लॅस्टिक कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकतात, कारण २०१६ च्या नियमांनुसार लागणारा, सुईने भोक न पडणारा पांढरा डबा दूर ड्रेसिंग रूममध्ये असतो. तो ट्रॉलीवर ठेवावा आणि तीन चतुर्थांश भरताच बदलावा.

शस्त्रक्रियेच्या सुरक्षा-यादीकडे मात्र बारकाईने पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या या यादीचा दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत अभ्यास झाला. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर उतरले होते. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी सर्वांनी थांबून मोठ्याने बोलणे, यात तिचे सामर्थ्य आहे. तिन्ही रकान्यांवर आधीच बरोबरच्या खुणा करून ठेवलेली यादी नसलेल्या यादीपेक्षा वाईट, कारण ती पाहून कोणी पुन्हा विचारत नाही.

थांबवण्याचा अधिकार तोंडी देऊन भागत नाही. वाक्य ठरवून द्यावे. ‘सर, गठ्ठा ओला आहे, केस सुरू करता येणार नाही,’ एवढे सिस्टरांनी म्हणायचे आणि सरांनी फक्त ‘ठीक आहे, बदला’ म्हणायचे. बाहेरून येणाऱ्या व्हिजिटिंग सर्जनांना हे पहिल्याच दिवशी मालकाने स्वतः सांगावे, सिस्टरांवर सोपवू नये. आणि मालक डॉक्टर स्वतःच राउंडमध्ये एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे हात न धुता जात असतील, किंवा ओटीच्या चपला घालून ओपीडीत येत असतील, तर बाकीचे कागद रंगवू नयेत.

कधी सवलत द्यावीच लागते: मशीन बिघडते, माणूस रजेवर जातो. तेव्हा ती एका वहीत लिहावी. काय सोडले, का सोडले, त्याऐवजी काय केले, कोणी परवानगी दिली आणि ती कोणत्या तारखेला संपते. त्या तारखेला जुन्या सिस्टरांनी वही मालकासमोर उघडावी. मुदत दुसऱ्यांदा वाढवावी लागली, तर यंत्र, माणूस किंवा नियम यांपैकी काय बदलायचे ते त्याच पानावर लिहून सही घ्यावी.