फॉन्टानचं ब्लड फ्लो मॉडेल घरच्या लॅपटॉपवर: आधी कागद, मग कॉम्प्युटर

इथे इंदूरमधल्या कॉलेजांतली मराठी मुलं बरेचदा विचारतात की लहान मुलांच्या हार्ट सर्जरीत कॉम्प्युटर मॉडेलिंग करतात म्हणे, ते आपल्याला जमेल का आणि सुरुवात कुठून करायची. जमेल. फ्लुइड मेकॅनिक्सचा एक पेपर झालेला असेल, 16 जीबी रॅमचा लॅपटॉप असेल आणि चार-पाच शनिवार-रविवार द्यायची तयारी असेल तर पहिलं मॉडेल नक्की उभं राहतं. फक्त एक आधीच सांगून ठेवतो, बहुतेक जण थेट सॉफ्टवेअर उघडतात आणि रंगीत चित्र आलं की झालं असं समजतात, आणि तिथेच सगळं फसतं. म्हणून या गाइडमध्ये सॉफ्टवेअर जरा उशिरा येईल.

आधी ऑपरेशन समजून घ्या. काही बाळांच्या हृदयात दोन पंपांपैकी एकच नीट वाढलेला असतो. तो एक पंप शरीराला रक्त पाठवायच्या कामाला लावतात, आणि शरीरातून परत येणारं रक्त हृदयात न नेता सरळ फुप्फुसांच्या धमन्यांना जोडून देतात. हे काम टप्प्याटप्प्याने होतं, आधी वरची मोठी शीर म्हणजे एसव्हीसी जोडतात (याला ग्लेन म्हणतात), मग एक-दोन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा खालची मोठी शीर म्हणजे आयव्हीसी, बहुतेक वेळा 18 ते 20 मिमीच्या गोर-टेक्स (एक प्रकारचं कृत्रिम मटेरियल) ट्यूबने. हाच फॉन्टान. फ्रान्सच्या बोर्दोमध्ये फ्रान्सिस फॉन्टान यांनी 1968 साली पहिलं ऑपरेशन केलं आणि 1971 मध्ये ते छापून आलं, अर्थात तेव्हाची रचना आजच्यापेक्षा वेगळी होती.

आता यात गोम काय आहे बघा. आपल्याकडे नर्मदेचं पाणी येतं तेव्हा मोटर लावल्याशिवाय दुसऱ्या मजल्यावरच्या टाकीत चढत नाही, आणि मोटर नसेल तर पाइपातला प्रत्येक बेंड, प्रत्येक अरुंद सांधा लगेच जाणवतो. फॉन्टानमध्ये फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताला मोटरच नाही. शिरांमधलं प्रेशर 10 ते 15 एमएमएचजी, पलीकडे हृदयाच्या वरच्या कप्प्यात 5-6, म्हणजे मधे जे काही थोडं उरतं तेवढ्यावरच सगळं रक्त फुप्फुसांतून पार व्हायचं. नॉर्मल माणसात जिथे एक एमएमएचजी वाया गेला तर कुणाला कळणारही नाही तिथे या मुलांमध्ये तो एक एमएमएचजी लिव्हरवर, आतड्यांवर वर्षानुवर्षं भार टाकत राहतो. म्हणून हे मॉडेलिंग करायचं.

आधी प्रश्न लिहा

वहीत एक ओळ लिहा की मॉडेलला काय विचारायचंय. "रक्त कसं वाहतं ते बघू" हा प्रश्न नव्हे. "डावी फुप्फुस धमनी 12 मिमीऐवजी 7 मिमी असेल तर प्रेशर किती वाढतं आणि डाव्या फुप्फुसाला रक्त किती कमी पडतं" हा प्रश्न आहे. नॉरवुडसारख्या, म्हणजे महाधमनी नव्याने बांधायच्या, मोठ्या ऑपरेशननंतर डावी धमनी महाधमनीच्या मागे दबून अरुंद झालेली बऱ्याच मुलांमध्ये दिसते, म्हणून मी हाच प्रश्न सुचवतो, आणि याचं उत्तर बरंचसं कागदावरच निघतं.

घ्या पेन. एसव्हीसीतून मिनिटाला 1 लिटर, आयव्हीसीतून 2 लिटर धरा. सेमी-ग्रॅम-सेकंदात हे 16.7 आणि 33.3 सेमी³ प्रति सेकंद, एकूण 50. रक्ताची घनता 1.06, व्हिस्कॉसिटी 0.04 पॉइज. दोन्ही फुप्फुसांचा मिळून रेझिस्टन्स 1.5 वुड युनिट धरू, एक वुड युनिट म्हणजे मिनिटाला 1 लिटर रक्तामागे 1 एमएमएचजी, सेमी-ग्रॅम-सेकंदात म्हणजे सीजीएसमध्ये 80, म्हणून एकूण 120, आणि दोन फुप्फुसं पॅरललमध्ये आहेत म्हणून प्रत्येकी 240. प्रत्येकाला 25 गेलं तर 240 गुणिले 25 म्हणजे 6000, त्याला 1333 ने भागा, आले 4.5 एमएमएचजी. वरच्या कप्प्याचे 6 मिळवा, शिरांचं प्रेशर 10.5. हा आपला बेस.

आता 18 मिमीची सरळ ट्यूब, 5 सेमी लांब, पॉइझेलच्या सूत्रात टाका. लॉस येतो साधारण 26 डाइन प्रति सेमी², म्हणजे 0.02 एमएमएचजी. काहीच नाही! सरळ ट्यूब कधीच गुन्हेगार नसते. आता 7 मिमीची डावी धमनी घ्या. क्षेत्रफळ 0.385 सेमी², 25 सेमी³ जायचं तर वेग 65 सेमी प्रति सेकंद, आणि अर्धा रो व्ही स्क्वेअर, म्हणजे डायनॅमिक प्रेशर, जवळजवळ 1.7 एमएमएचजी येतो. 12 मिमी असती तर तोच आकडा 0.2. अरुंद भागानंतर ही सगळी गती-ऊर्जा वाया जाते असं धरलं (हा जरा कडक अंदाज आहे, पण हाताच्या हिशेबाला चालतो) आणि दोन्ही वाटांचं प्रेशर सारखं ठेवून वर्गसमीकरण सोडवलं तर डावीकडे 21.5 आणि उजवीकडे 28.5 येतात. म्हणजे 43:57. आणि शिरांचं प्रेशर 10.5 वरून 11.1 वर जातं. हे आकडे वहीत ठळक लिहून ठेवा, कॉम्प्युटरने यांच्या जवळपास उत्तर दिलं नाही तर चूक कॉम्प्युटरच्या बाजूला शोधायची.

सॉफ्टवेअर आणि डेटा

सिमव्हॅस्क्युलर डाउनलोड करा, स्कॅनवरून रक्तवाहिनीचं मॉडेल बनवून त्यातला रक्तप्रवाह काढणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, उबंटू सगळ्यावर चालतं. चित्रं बघायला पॅराव्ह्यू. डेटासाठी कृपया ओळखीच्या डॉक्टरांकडे कुणाच्या बाळाचं सीटी मागायला जाऊ नका. सीटी ज्या डायकॉम फाइलमध्ये येतं तिच्या आत बाळाचं नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल सगळं लिहिलेलं असतं, आणि आईवडिलांची लेखी परवानगी आणि एथिक्स कमिटी याशिवाय तो डेटा आपल्या पेन ड्राइव्हवर येणंच चूक आहे. व्हॅस्क्युलर मॉडेल रिपॉझिटरीत नाव काढून टाकलेली मॉडेलं शिकण्यासाठी ठेवलेली आहेत, त्यात फॉन्टानचीसुद्धा मिळतात, तिथूनच घ्या.

सिमव्हॅस्क्युलरमध्ये क्रम असा, इमेज, पाथ, सेगमेंटेशन, मॉडेल, मेश, सिम्युलेशन. पाथ म्हणजे रक्तवाहिनीच्या मधोमध बिंदू टाकत जायचं. सेगमेंटेशन म्हणजे त्या पाथवर थोड्या थोड्या अंतराने आडवा छेद घेऊन भिंतीची कड आखायची, मग सगळ्या कडा जोडून नळी तयार होते. घाई इथेच होते. अरुंद भागात छेद जवळजवळ घ्या, दर 2 मिमीला एक तरी, आणि तो भाग ऑटोमॅटिकवर सोडू नका, झूम करून कड हाताने बसवा, कारण सीटीच्या एका पिक्सेलची जाडी साधारण अर्धा मिमी असते आणि 7 मिमीच्या धमनीत दोन्ही बाजूंना एकेक पिक्सेल इकडेतिकडे झाला तर व्यास 6 किंवा 8 होतो. वरच्या हिशेबात डायनॅमिक प्रेशर व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतं, म्हणजे 7 चा 6 झाला की 1.7 चे 3 च्या वर गेले! तुमच्या मॉडेलमधली सगळ्यात मोठी अनिश्चितता ही इथे आहे, सॉल्व्हरमध्ये नाही. म्हणून 6.5, 7 आणि 7.5 अशी तीन मॉडेलं करा आणि उत्तर रेंजमध्ये सांगा.

युनिट! सीटी मिमीत असतं, आपला हिशेब सेमीत, म्हणून इमेज घेताना 0.1 ने स्केल झालंय ना ते बघा. एखादी ट्यूब 18 सेमी रुंद दिसली तर ते झालेलं नाही.

मेशचं, म्हणजे नळीच्या आतल्या जागेचे बारीक तुकडे पाडणाऱ्या जाळीचं, फार डोक्यात घेऊ नका. आधी 0.1 सेमीची जाळी, मग 0.05 ची, भिंतीपाशी बाउंडरी लेयर चालू ठेवा. कडेची लांबी निम्मी केली की एलिमेंट साधारण आठपट होतात, लॅपटॉप तापतो, मे महिन्यात तर विचारूच नका, रात्री रन लावून झोपा. दोन मेशमध्ये प्रेशर ड्रॉप दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त बदलला नाही तर पुढे चला.

बाउंडरी कंडिशन, म्हणजे खरं काम

इथे थांबा आणि नीट वाचा. मॉडेल संपतं तिथे फुप्फुसं सुरू होतात, आणि फुप्फुसांच्या लाखो बारीक वाहिन्या आपण काढू शकत नाही, म्हणून आउटलेटला, म्हणजे मॉडेलच्या बाहेर पडायच्या तोंडाला, रेझिस्टन्स लावतो. बरेच जण त्याऐवजी आउटलेटला सरळ फ्लो देऊन टाकतात, अर्धं डावीकडे, अर्धं उजवीकडे. मग अरुंद धमनीमुळे रक्त किती कमी पडलं याचं उत्तर मॉडेल देणार कसं? ते तुम्हीच आधी लिहून दिलंय. दोन्ही आउटलेटला शून्य प्रेशर दिलं तरी तेच, फुप्फुसंच नाहीशी झाली, आणि अरुंद भागाचा परिणाम भलताच मोठा दिसतो. म्हणून प्रत्येक बाजूला 240. एका बाजूला तीन-चार फांद्या काढल्या असतील तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी करा, पण पॅरललमधली बेरीज 240 च यायला हवी, नाहीतर वहीतल्या आकड्याशी जुळणारच नाही.

पहिला रन स्टेडी करा, म्हणजे फ्लो वेळेनुसार न बदलणारा. त्यात कपॅसिटन्सचा, म्हणजे वाहिन्या ताणून रक्त साठवायच्या क्षमतेचा, काही उपयोग नसतो, साधा रेझिस्टन्स पुरतो. नंतर ठोक्यांसकट रन करायचा असेल तेव्हा आरसीआर (दोन रेझिस्टन्स आणि मधे एक कपॅसिटन्स) लावा, म्हणजे ओटो फ्रांक यांच्या 1899 च्या विंडकेसल कल्पनेचं पुढचं रूप. फॉन्टानच्या मुलांमध्ये आयव्हीसीचा फ्लो श्वासासोबत बराच वरखाली होतो, श्वास आत घेतला की वाढतो, त्यामुळे पुढे कधीतरी श्वासही घालावा लागतो, पण पहिल्या आठवड्यात नको. आणि इनलेटच्या फ्लो फाइलमध्ये आत येणारा फ्लो मायनसमध्ये लिहायचा असतो, हे लक्षात ठेवा. टाइम स्टेप 0.001 सेकंदापासून सुरू करा. रेसिड्युअल, म्हणजे समीकरणांत उरलेली चूक, खाली आले, आत आलेलं आणि बाहेर गेलेलं रक्त जुळलं, प्रेशर स्थिर झालं, की मग आकडे वाचायचे.

वाचायचं काय

प्रेशर, वाटणी आणि ऊर्जा. तीन लिटरच्या फ्लोवर 1 एमएमएचजी वाया जाणं म्हणजे साधारण 6.7 मिलीवॉट, एवढं ध्यानात असलं की पॉवर लॉसचा आकडा वेडावाकडा आला तर लगेच कळतं. चौथी गोष्ट नवख्यांकडून सुटते ती म्हणजे लिव्हरकडून आलेलं रक्त. आयव्हीसीच्या रक्तात लिव्हरमधला असा काही घटक असतो की तो एखाद्या फुप्फुसाला मिळालाच नाही तर तिथे धमन्या आणि शिरांमध्ये चुकीचे शॉर्टकट तयार होतात आणि मूल निळं पडायला लागतं. पॅराव्ह्यूमध्ये आयव्हीसीच्या तोंडावरून स्ट्रीमलाइन सोडा आणि कुठल्या बाजूला किती जातात ते मोजा, पण नुसत्या रेषा मोजू नका, प्रत्येक रेषेला तिच्या सुरुवातीच्या वेगाचं वजन द्या, कारण ट्यूबच्या मधोमध रक्त जास्त वाहतं आणि कडेला कमी.

इथे सर्जनची खरी ओढाताण दिसते. लंडनचे सर्जन मार्क द लेव्हाल आणि मिलानच्या पॉलिटेक्निकोचे इंजिनिअर यांनी 1996 मध्ये कॉम्प्युटरवर दाखवलं की दोन शिरा अगदी समोरासमोर न आणता आयव्हीसीचा जोड जरा सरकवला तर टक्कर कमी होते आणि ऊर्जा वाचते. पण जास्त सरकवलं तर लिव्हरचं रक्त एकाच बाजूला जाऊ लागतं. दोन्ही हवं म्हणूनच अमेरिकेत ॲलिसन मार्सडन यांच्यासारख्या संशोधकांनी दोन फाटे असलेला वाय-ग्राफ्ट कॉम्प्युटरवर तपासला आणि पुढे तो ऑपरेशनमध्येही वापरला गेला. मला या सगळ्या विषयात हे सगळ्यात आवडतं, की जोड एक सेमी इकडे की तिकडे हा प्रश्न बाळाला हात लावायच्या आधी विचारता येतो.

शेवटचा रन धावपळीचा करा, तो सोडू नका. खेळताना पायांकडून येणारं रक्त वाढतं, म्हणून आयव्हीसी दुप्पट, 66.7, एसव्हीसी तेवढंच. फुप्फुसांचा रेझिस्टन्स खेळताना थोडा कमी होतो पण तुलनेसाठी तसाच ठेवा. वहीतलं समीकरण पुन्हा सोडवलं तर अरुंद धमनीचं मॉडेल शिरांमध्ये 15 एमएमएचजी देतं आणि वाटणी 40:60 होते, रुंद धमनी असती तर 13.5. म्हणजे बसलेलं असताना जो फरक 0.6 होता तो पळताना दीड झाला. डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर रंगीत चित्राच्या आधी हा तक्ता ठेवा, त्यात 6.5 आणि 7.5 मिमीची उत्तरं शेजारी लिहा, आणि रेझिस्टन्स 1.5 तुम्ही धरलाय, मोजलेला नाही, हे तक्त्याच्या खालीच मोठ्या अक्षरात लिहा, कारण कॅथ लॅबमध्ये (शिरेतून बारीक नळी घालून प्रेशर मोजतात तिथे) मोजलेला आकडा त्यांच्याकडे असतो आणि तो मिळाला की सगळे रन परत करायचे असतात.