सूट नव्हे, स्वीट: सांगलीकरांनी मुंबईच्या बड्या हॉटेलात कसं राहावं

लेकीनं आमच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला मुंबईत समुद्रासमोरच्या हॉटेलात दोन रात्रींची सोय केली. मी हौसेनं फोन लावला, "सूट आहे ना?" पलीकडून उत्तर, "नाही मॅडम, सध्या सीझन आहे." तेव्हा आधी शब्द नीट करून घ्या, स्वीट, म्हणजे झोपायच्या खोलीला जोडून बसायची खोली. आणि ती खरंच वेगळी आहे का ते विचारा. काही ठिकाणी एकाच खोलीत कोपऱ्यात सोफा टाकून त्यालाही स्वीटच म्हणतात.

नुसतं भाडं बघून हिशेब करू नका. दिवसाचं भाडं साडेसात हजारांच्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३०,०००च्या खोलीवर ५,४०० आणखी. पोहोचल्यावर डिपॉझिट मागतात, ते क्रेडिट कार्डावर द्या. तिथं रक्कम नुसती अडकवून ठेवतात. आमच्या ह्यांनी डेबिट कार्ड पुढं केलं. पैसे कापले गेले, परत यायला आठवडा लागला, आणि आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. आधार दोघांचंही न्या. पॅनवर पत्ता नसतो, ते चालत नाही.

महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळीच सीएसएमटीला सोडते, खोली मिळते दुपारी दोन-तीनला. बॅगा हॉटेलात जमा करा, टोकन घ्या, गेटवेपर्यंत फिरून या. आम्ही लाजून लॉबीतच बसलो, मांडीवर भडंगाची पिशवी.

खोलीत शिरल्यावर दाराजवळच्या खाचेत किल्लीचं कार्ड घाला, तेव्हा दिवे लागतात. बटणं कुठली कशाची ते सामान आणून देणाऱ्या पोराकडून उजेडातच समजून घ्या. त्याच्या हातावर ठेवायला शंभराच्या नोटा सुट्या असू द्यात. मी रात्री दिवा म्हणून दाबलं ते पडद्याचं बटण निघालं. भिंतभर पडदा घरघरत उघडला आणि मी गाउनमध्ये!

बाथरूममध्ये खरी परीक्षा. चकचकीत भिंतीत एकच दांडा असतो. वर उचलला की पाणी सुरू, डावी-उजवीकडे फिरवला की गरम-थंड. आणखी एक छोटी चकती असते, पाणी हातातल्या शॉवरला पाठवायचं की डोक्यावरच्या, ते ती ठरवते. बाहेर उभं राहून, नुसता हात आत घालून आधी चाचणी घ्या. हे कडक इस्त्रीच्या शर्टात खाली उभे राहून "बघू तरी" म्हणाले. छतावरनं गारढोण पाणी आलं.

मिनीबार, म्हणजे खोलीत ठेवलेलं विकतचं खाणंपिणं, त्यातलं काही नुसतं बघायलाही उचलू नका. काही ठिकाणी ट्रेखाली सेन्सर असतो, वस्तू हलली की बिलात चढते. फुकटच्या पाण्याच्या बाटल्यांवर तसं लिहिलेलं असतं. खाऱ्या शेंगदाण्यांच्या डबीची किंमत वाचून मी मुकाट्यानं भडंगाची पिशवी उघडली.

पांघरायची चादर गादीखाली तिन्ही बाजूंनी इतकी घट्ट खोचलेली असते, की आत शिरलं की पाय हलत नाहीत. आधी ओढून सैल करा. संध्याकाळी बेल वाजवून कुणी अंथरूण नीट करायला येतं, घाबरू नका.

शेवटच्या दिवशी बाराला खोली सोडायची असते, पण परतीची गाडी रात्रीची. उशिरापर्यंत राहू देता का, हे आदल्या संध्याकाळीच विचारा. जागा असली तर देतात. नाही म्हणाले तर बॅगा परत खाली जमा करायच्या. निघण्याआधी साडेअकराला मस्त आंघोळ करून घ्या. तोवर नळ कळलेला असतो.