परग्रहवासीयांच्या भानगडीत न पडण्याचा नियम कथेत कसा वापरायचा

आधी नियम नक्की काय ते ठरवा. स्टार ट्रेक या अंतराळ-मालिकेत १९६७ पासून प्राइम डायरेक्टिव्ह आहे, म्हणजे मागे असलेल्या संस्कृतीत ढवळाढवळ नाही, पण कॅप्टन कर्क तो किती वेळा धाब्यावर बसवतो बघा, मजा त्यातच आहे ना.

मग पेच असा टाका की दोन्हीकडून हात पोळतील: ग्रहावर साथ पसरलीय, औषध तुमच्या यानात आहे, दिलं तर ते तुम्हाला देव मानणार, नाही दिलं तर लाखो मरणार आणि तुम्ही वरून नुसते बघत बसणार. (मला तर गप्प बसणं हाही हस्तक्षेपच वाटतो.)

उलटी बाजू हवी असेल तर खगोलशास्त्रज्ञ जॉन बॉलचं १९७३ चं झू हायपोथिसिस घ्या, म्हणजे परग्रहवासी मुद्दाम संपर्क न करता प्राणिसंग्रहालयासारखं आपल्याला लांबून बघतात ही कल्पना, त्यात पिंजऱ्यात आपणच. आणि हो, मदतीनंतर तीन पिढ्यांनी काय झालं तेही दाखवा, बरेचजण त्याआधीच कथा गुंडाळतात.